सुझुकी सान, पण नक्की कोणते?

गवतीचहा (धागाकर्ती)

मी चाकणच्या एका कारखान्यात जपानीची दुभाषी आहे. गेल्या महिन्यात माझ्या हातून एक घोळ झाला. साहेबांनी एका साच्याचं ड्रॉइंग लाल शाईने दुरुस्त करून माझ्या टेबलावर टाकलं आणि "सुझुकी सानना आत्ताच्या आत्ता धाडून दे" म्हणाले ('सान' म्हणजे आपलं 'जी'). मी स्कॅन केलं, पत्त्याच्या खिडकीत 'सु' टंकलं, पहिलं नाव वर आलं त्यावर टिचकी मारली. चहा पिऊन आले तेव्हा लक्षात आलं की त्या यादीत सुझुकी चार आहेत. एक खरेदीत, एक क्वालिटीत, एक टूलरूममध्ये (हवे होते ते हे) आणि एक हिशेब विभागात. साच्याचं ड्रॉइंग गेलं हिशेबाला.

जपानात सातो हे पहिल्या क्रमांकाचं आडनाव आणि सुझुकी दुसऱ्या. या आडनावाचे लोक १७-१८ लाखांच्या घरात, म्हणजे दर सत्तर जपान्यांमागे साधारण एक. आपल्याकडे "अहो पाटील" म्हटल्यावर अर्धी एसटी मागे वळून बघते, तसलाच प्रकार.

लिहिताना दोन चित्राक्षरं येतात. पहिल्याचा अर्थ छोटी घंटा किंवा घुंगूर, दुसऱ्याचा झाड. पण घंटेचा या नावाशी मुळात काही संबंध नाही. नाव आलं कुमानो भागातून, आजच्या वाकायामा प्रांतातून. तिथे कापणीनंतर भाताच्या पेंढ्यांची जी रास रचत तिला 'सुझुकी' म्हणत, आणि त्या राशीत धान्याचा देव उतरतो अशी समजूत होती. उच्चार आधीचा, अक्षरं मागाहून चिकटवलेली. कुमानोच्या देवस्थानांचा प्रचार करत या घराण्याची माणसं पूर्वेकडे पसरली आणि नाव रुजत गेलं. पुढे सम्राट मेइजींच्या सरकारने १८७० साली सामान्य लोकांना आडनाव लावायची मुभा दिली आणि १८७५ साली सक्तीच केली, तेव्हा रोजच्या वापरात आडनाव नसलेल्या कितीतरी घरांना ते लावणं भाग पडलं.

तर धागा यासाठी: गाडी सोडून तुम्हाला कोणते सुझुकी माहीत आहेत?

माझ्यापासून सुरुवात. माझे लाडके सुझुकी हारुनोबु, एदो काळातले चित्रकार. १७६५ च्या सुमारास एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) हौशी, पैसेवाल्या मंडळींत चित्रमय पंचांगं एकमेकांना भेट द्यायचं खूळ होतं. तेव्हा जपानी महिने चांद्र होते, काही तीस दिवसांचे, काही एकोणतीसचे, आणि कुठला महिना मोठा ते दर वर्षी बदलायचं. पंचांग छापायचा परवाना ठरावीक लोकांनाच. म्हणून हौशी मंडळी आकडे चित्रात लपवायची. हारुनोबुंच्या एका चित्रात अचानक सर आलीय, एक बाई वाळत घातलेला किमोनो काढायला धावतेय, धावता धावता तिच्या पायातली एक खडाव निसटलीय. आणि त्या वाळणाऱ्या किमोनोच्या नक्षीत त्या वर्षाचे मोठे महिने लिहिलेले! याच पंचांगांच्या नादात प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठसा वापरून बहुरंगी छपाई सुरू झाली. तिला 'निशिकि-ए' म्हणजे किनखापी चित्रं म्हणतात. हारुनोबु १७७० साली गेले, म्हणजे रंगीत कामाला त्यांना जेमतेम पाच वर्षं मिळाली.

तिरपागडा

गाडी सोडून? मग आमच्यासारख्यांनी काय जेवायला घालायचं या धाग्याला?

बाकी सुझुकीच्या अक्षरांत घंटा आहे हे भारी आहे. आमच्याकडे घंटेच्या आधी मारुती लागतोच. सरकारी कागदावर सही करणाऱ्यांना हे माहीत होतं का?

गवतीचहा

@तिरपागडा, मारुती आधीपासून होता, घंटा नंतर आली. :)

बरं, गाडीवाल्यांनाही घेऊ, कारण आडनावाच्या दृष्टीने सगळ्यात मजेदार माणूस तिथेच आहे. संस्थापक मिचिओ सुझुकी हामामात्सुचे, आधी सुताराच्या हाताखाली शिकलेले. आईसाठी त्यांनी हातमाग बनवला आणि १९०९ साली मागांचा कारखाना काढला. पहिली चाळीसेक वर्षं कंपनी मागांच्याच धंद्यात होती. १९५२ साली सायकलीला इंजिन जोडलं, १९५५ साली पहिली मोटार.

आपल्याला माहीत असलेले ओसामु सुझुकी मात्र जन्माने सुझुकी नव्हेतच. ते गिफु प्रांतातले, ओसामु मात्सुदा. मिचिओंच्या नातीशी लग्न केलं आणि आडनाव बदलून सुझुकी झाले. १९७८ साली अध्यक्ष झाले. १९८२ साली भारत सरकारशी करार झाला, त्या वेळी बाकीच्या मोठ्या कंपन्या आपल्या बाजाराला फारसं मोजत नव्हत्या. २०२४ च्या नाताळच्या दिवशी, ९४ व्या वर्षी गेले. त्यांना आधी पद्मभूषण मिळालं होतं, २०२५ साली मरणोत्तर पद्मविभूषण.

म्हणजे आपल्या गल्लोगल्ली ज्यांचं आडनाव फिरतंय, त्यांनी ते सासरकडून घेतलेलं.

तिरपागडा

घरजावई म्हणा की सरळ!

गवतीचहा

नाही हो, घरजावई आपलं आडनाव ठेवतो आणि टोमणे खातो. जपानी 'मुकोयोशी' म्हणजे जावयाला रीतसर दत्तक घेणं. कागदोपत्री तो मुलगाच. कर्तबगार माणूस शोधायचा, मुलगी द्यायची, आडनाव द्यायचं, गादी द्यायची. ओसाकातल्या व्यापारी पेढ्यांमध्ये ही जुनी रीत आहे. पोटचा पोरगा नालायक निघाला तर बदलता येत नाही, जावई मात्र निवडून घेता येतो.

तिरपागडा

हे वाचून आमच्या सासऱ्यांनी सुस्कारा सोडला.

अवांतर: १९८६ साली वडिलांनी ८०० घेतली तेव्हा वाडीतल्या मारुतीला नारळ फोडायला नेली. गुरवाने मागचं नाव वाचायला वेळ घेतला आणि म्हणाला, "देवाचंच नाव हाय, मग पूजेचे पैसे कसे घेऊ?" घेतले अर्थात.

स्क्वेअरकट

क्रिकेटच्या माणसाने बेसबॉलबद्दल लिहिणं म्हणजे पाप, पण इचिरो सुझुकीला वगळून हा धागा पुढे जाऊ नये.

या माणसाने आडनाव टाकूनच दिलं. १९९४ साली ओरिक्स संघाचे व्यवस्थापक आकिरा ओगी यांनी ठरवलं की सुझुकी नावाच्या खेळाडूकडे कोण लक्ष देणार? म्हणून खेळाडूंच्या यादीत त्याची नोंद नुसती 'इचिरो' अशी केली. गंमत म्हणजे त्याच वेळी संघातल्या एका सातोचं नाव 'पंच' (इंग्रजी Punch, अंपायर नव्हे) असं नोंदवलं. देशातली पहिली दोन आडनावं एका फटक्यात पुसली! पंच सातो पुढे टीव्हीवर गेला. इचिरोने त्याच मोसमात २१० हिट मारले. एका मोसमात दोनशे पार करणारा जपानमधला तो पहिलाच.

२००१ साली सिअ‍ॅटलला गेला, तिथेही पाठीवर 'इचिरो'च. जवळजवळ सगळा अमेरिकी बेसबॉल पाठीवर आडनाव लावतो, हा पहिलं नाव. २००४ साली एका मोसमात २६२ हिट. आधीचा विक्रम जॉर्ज सिस्लरचा, २५७, आणि तो १९२० पासून कोणी हलवला नव्हता. अमेरिकेत एकूण ३०८९, जपानचे १२७८ धरले तर ४३६७. २०२५ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. ३९४ मतांपैकी ३९३ मिळाली. ते एक मत न देणारा कोण, यावर तिकडे अजून काथ्याकूट चालू असेल.

हिट म्हणजे षटकार नव्हे, बरं का. हा ताकदीचा गडी नव्हताच. चेंडू मोकळ्या जागेत ढकलायचा आणि पळत सुटायचं. डावखुरा उभा राहायचा, फटका मारता मारताच पहिल्या बेसकडे निघालेला असायचा. आपल्याकडे एकेरी-दुहेरी धावांवर शतक काढणारे असतात ना, त्या जातीचा.

आणि हो, इचिरो म्हणजे थोरला मुलगा असा कानाला अर्थ लागतो. हा धाकटा आहे.

नाना_गुहागरकर

गवतीचहाताई, ती भाताची रास म्हणजे आमची उडवी हो! झोडणी व्हायची असली की भारे गोल रचून ठेवायचे, कणसं आत आणि बुंधे बाहेर, वर टोपीसारखा पेंढा. पावसाचं एखादं शिंतोडं आलं तरी आत थेंब जात नाही. आमच्या लहानपणी उडवीवर चढलेलं आजीला खपायचं नाही, "लक्ष्मी बसल्ये तिथे, उतर खाली" म्हणायची. त्या कुमानोवाल्यांचं ऐकून अंगावर काटा आला. म्हणजे आडनावाने त्यांना 'उडवे' म्हणायला हरकत नाही.

भातावरूनच मला आणखी एक सुझुकी आठवले. उमेतारो सुझुकी, शेतकी रसायनशास्त्रज्ञ. मी कृषी खात्यात नोकरी केली, तेव्हा शिकताना हे नाव वाचलं होतं. फार अन्याय झालेला माणूस.

जपानात 'काक्के' नावाचा रोग होता, आपण बेरीबेरी म्हणतो. पाय सुजायचे, बधिर व्हायचे, हृदय बंद पडून माणूस जायचा. शहरातले, बरं खाणारे लोक मरायचे, कारण त्यांना पांढरा शुभ्र सडलेला (म्हणजे कांडून कोंडा काढलेला) भात परवडायचा. आरमाराने जेवणात बदल करून, सातू वगैरे घालून रोग आटोक्यात आणला. लष्कर मात्र पांढऱ्या भातावर अडून बसलं आणि रशियाबरोबरच्या युद्धात हजारो शिपाई गोळी न लागताच गेले.

उमेतारोंनी १९१० साली भाताच्या कोंड्यातून तो घटक वेगळा काढला, ज्याच्या अभावाने रोग होतो. भाताच्या शास्त्रीय नावावरून त्याला पुढे 'ओरिझानिन' म्हटलं. पण निबंध जपानीत. जर्मनमध्ये सारांश गेला त्यात हा नवाच पोषक घटक आहे ही मुख्य गोष्टच राहून गेली. दोनेक वर्षांत युरोपात कासिमिर फुंकने 'व्हिटामिन' हा शब्द काढला आणि तो जगभर झाला. १९२९ चं नोबेल एइकमन आणि हॉपकिन्सना. तोच ब-१, थायमिन.

आता आमच्या घरचं सांगतो. कोकणात उकडा तांदूळ खातात. भात सालासकट उकडून मग सडायचा. उकडताना कोंड्यातला हा ब-१ दाण्याच्या आत मुरतो आणि मग कितीही सडलं तरी बराचसा आतच राहतो. सकाळी उकड्याची पेज, वर मेतकूट. पुण्याला गेलेली आमची चुलत मंडळी या लाल तांदळाला नाक मुरडायची, "गड्यांचा तांदूळ" म्हणायची. आता तोच दुपटीने विकत घेतात.

गवतीचहा

नाना, दंडवत. 'उडवे' आडनाव मी आता आमच्या टूलरूमवाल्या सुझुकींना सांगणार आहे.

आणि ते भाषांतराचं वाचून पोटात खड्डा पडला. एक वाक्य सारांशातून गळालं, तेवढंच.

भट्टीवाला

आमच्या धंद्यात सुझुकी हे क्रियापद आहे. मी तारापूरला औषधाच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात आहे. सकाळच्या मीटिंगला "सात नंबरला सुझुकी लावलीय" असं कोणी म्हटलं तर नवा पोरगासुद्धा पार्किंगकडे बघत नाही.

आकिरा सुझुकी, होक्काइदो विद्यापीठ. १९७९ साली नोरिओ मियाउराबरोबर ही अभिक्रिया मांडली. २०१० चं रसायनशास्त्राचं नोबेल हेक आणि नेगिशी यांच्याबरोबर वाटून. कार्बनला कार्बन जोडणं हे सेंद्रिय रसायनातलं सगळ्यात किचकट गवंडीकाम. त्यांनी एका तुकड्याला बोरॉन लावला, दुसऱ्याला ब्रोमिन किंवा आयोडिन, मध्ये चिमूटभर पॅलॅडियम आणि थोडा अल्कली. दोन्ही कड्या एकमेकींना चिकटतात, बोरॉन आणि ब्रोमिन बाजूला पडतात. बोरॉनवाला तुकडा पाण्याला घाबरत नाही, हवेत फार रुसत नाही, फारसा विषारी नाही. दुसऱ्या एका पद्धतीत कथिल लागतं, त्याचा उपद्रव विचारू नका. ब्लडप्रेशरची लोसार्टान बनवायची एक मोठी पद्धत यावरच उभी आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या वडिलांच्या डबीत ती गोळी असेल.

आणि त्यांनी पेटंट घेतलं नाही. म्हणून तर आमच्यासारख्यांच्या भट्ट्यांपर्यंत पोचली.

कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात आधी द्रावणातून तासभर नायट्रोजन सोडायचा, कारण ऑक्सिजन राहिला की पॅलॅडियम मरतं. मेलं की कळतं: पिवळसर असलेलं द्रावण काळवंडतं आणि काचेवर काजळी धरते. पहिल्यांदा माझ्या पाळीत तसं झालं तेव्हा मी ती काच बघत नुसता उभा होतो, त्या काजळीची किंमत माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती. शेवटी मालात पॅलॅडियम पीपीएममध्ये किती उरलं ते मोजून घ्यायचं, नाहीतर सगळी बॅच परत.

मियाउरांचं नाव मात्र बोलण्यातून गळतं. पुस्तकात 'सुझुकी-मियाउरा', शॉपफ्लोअरवर नुसती सुझुकी. नोबेलही या दोघांपैकी एकालाच.

टोरांटोची_माई

आमच्याकडे सुझुकी म्हणजे व्हायोलिन. नातीला चौथ्या वर्षी घातलं. पहिले काही आठवडे हातात व्हायोलिनच नाही! पुठ्ठ्याचा खोका, त्याला पट्टी चिकटवलेली, ते हनुवटीखाली धरून नमस्कार करायला शिकायचं. मला वाटलं पैसे पाण्यात. मग अगदी बाहुलीचं असावं तेवढं व्हायोलिन मिळालं. आईलाही शिकावं लागतं, पोरीच्या आधी. घरात रोज तीच रेकॉर्डिंग लावून ठेवायची, मूल खेळत असलं तरी. 'ट्विंकल'चे प्रकार इतके ऐकलेत की कुकरची शिट्टी त्या तालात ऐकू येते.

ही शिनइची सुझुकी यांची पद्धत. जन्म नागोयाचा, १८९८. वडील मासाकिची, घरचा धंदा शामिसेन (तीन तारांचं जपानी वाद्य) बनवायचा, त्यांनी जपानात व्हायोलिनचा कारखाना घातला. एवढ्या व्हायोलिनांत वाढूनही शिनइची सतरा वर्षांचे होईपर्यंत वाजवायला शिकले नव्हते. नामवंत व्हायोलिनवादक मिशा एलमनची रेकॉर्ड ऐकली आणि मग स्वतःच घासायला लागले. पुढे बर्लिनला गेले. मग त्यांना एक साधी गोष्ट चमकली: जपानी मूल जपानी बोलतं. कुठलंही मूल आपली भाषा अवघड उच्चारांसकट उचलतं, आणि कोणी म्हणत नाही की याला भाषेची देणगी नाही. मग संगीतही तसंच का नाही शिकवायचं? आधी ऐकणं, मग वाजवणं, वाचणं सगळ्यात शेवटी. युद्धानंतर मात्सुमोतो गावात शाळा काढली. ९९ व्या वर्षी गेले.

मी सुनेला म्हटलं, यात नवीन काय? आमच्या बुवांनी वहीला हात लावू दिला नव्हता वर्षभर. ती म्हणाली, आई, बुवांनी तुमच्या आईला शेजारी बसवून शिकवलं होतं का? गप्प बसले.

कॅनडात आणखी एक सुझुकी घरोघरी माहीत आहेत, डेव्हिड सुझुकी. फळमाश्यांवर काम करणारे आनुवंशशास्त्रज्ञ, १९७९ पासून चाळीसहून अधिक वर्षं टीव्हीवर निसर्गाचा कार्यक्रम करत होते. जन्म व्हँकुव्हरचा, आईबापही कॅनडातच जन्मलेले. पण १९४२ साली आडनाव जपानी म्हणून कुटुंबाला डोंगरातल्या छावणीत टाकलं, वडिलांचं कपडे धुण्याचं दुकान सरकारने विकून टाकलं. मूल होतं सहा वर्षांचं, छावणीतल्या बाकीच्या पोरांना येणारी जपानी भाषासुद्धा त्याला येत नव्हती.

स्क्वेअरकट

@माई, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

पिंपळपान

झेनवाले (बौद्ध ध्यानपंथाचे) दोन राहिले. दाइसेत्झ तेइतारो सुझुकी (१८७०-१९६६), कानाझावाचे, इंग्रजीत लिहून ज्यांनी झेन पश्चिमेला नेलं ते. आणि शुनर्यू सुझुकी, १९५९ साली सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि तिथे अमेरिकन पोरांना भिंतीकडे तोंड करून बसायला लावलं. लोक दोघांत गल्लत करायचे. शुनर्यूंना कोणी विचारलं की ते प्रसिद्ध सुझुकी तुम्हीच का, तर ते सांगायचे की ते थोरले, मी धाकटा. नात्याचा काही संबंध नाही.

हामामात्सुत तर मोटारवाले सुझुकी आणि माउथ ऑर्गनवाले सुझुकी दोन्ही आहेत, तेही एकमेकांचे कोणी नव्हेत. माझ्या भावाने माउथ ऑर्गनवर कंपनीचं नाव बघून "यांचे स्पेअर कुठे मिळतात" असं शोरूममध्ये विचारलं होतं.

जुनापुराणा

आता एक जड सुझुकी. कान्तारो सुझुकी, आरमाराचे अ‍ॅडमिरल. (नाना, आरमारातले, म्हणजे सातू खाल्लेले!) १९०५ ला त्सुशिमाच्या लढाईत होते. पुढे सम्राटाच्या दरबारी होते तेव्हा २६ फेब्रुवारी १९३६ च्या बंडात तरुण अधिकाऱ्यांनी घरात घुसून गोळ्या घातल्या. शेवटचा वार करणार इतक्यात बायको ताका मध्ये पडली, तो करू नका म्हणून विनवलं, आणि ते निघून गेले. ही ताका म्हणजे सम्राट हिरोहितोंना लहानपणी सांभाळणारी बाई.

कान्तारो जगला, आणि एप्रिल १९४५ मध्ये ७७ व्या वर्षी पंतप्रधान झाला. काही दिवसांत रूझवेल्ट वारले तर शत्रूराष्ट्राच्या अध्यक्षासाठी याने शोक व्यक्त केला. २६ जुलैला पॉट्सडॅमहून दोस्त राष्ट्रांची मागणी आली, शरण या. २८ ला पत्रकारांसमोर हा म्हणाला, 'मोकुसात्सु'. त्याचं भाषांतर झालं 'धुडकावून लावतो', आणि ६ ऑगस्टला हिरोशिमा. एका शब्दाच्या भाषांतराने शहर गेलं असं म्हणतात. धागाकर्तीने बोलावं.

गवतीचहा

बोलते. दुभाष्यांच्या वर्गात हा किस्सा पहिल्या आठवड्यात सांगतात, आम्हाला घाबरवायला. मला तो पटत नाही.

शब्दाची फोड 'गप्प' अधिक 'मारणे'. गप्प राहून मारून टाकणं. आपल्याकडे 'अनुल्लेखाने मारणे' म्हणतात ना, अगदी तेच. नंतर काहींनी सांगितलं की त्यांना 'तूर्त काही बोलत नाही' एवढंच म्हणायचं होतं. असेल. पण त्या शब्दात 'मारणे' बसलेलंच आहे, भाषांतरकाराने ते कुठून आणलं नव्हतं. घरात लष्करवाले डोळे वटारून बसलेत आणि बाहेर शरणागतीचं दार अर्धवट उघडं ठेवायचंय, अशा माणसाने मुद्दाम दोन्हीकडे ओढता येईल असा शब्द उचलला. तो ज्या बाजूला ओढला जायचा त्या बाजूला ओढला गेला.

आणि तारीख बघा. अणुबॉम्ब टाकायचा लेखी हुकूम २५ जुलैला निघाला होता, मागणी जाहीर व्हायच्या एक दिवस आधी. कान्तारो तोंड उघडायच्या तीन दिवस आधी. मग दुभाष्याच्या गळ्यात घंटा का?

जुनापुराणा

तारीख मान्य. तरी त्याने थोडं स्पष्ट बोलायला हवं होतं असं मला वाटत राहतं.

१५ ऑगस्टला पहाटे बंडवाल्यांनी त्याचं घर जाळलं, हा थोडक्यात निसटला. त्याच दिवशी राजीनामा.

भट्टीवाला

अनुल्लेखाने मारणे +१. मियाउरा.

उंबरठा

सगळी यादी वाचली. एकही बाई नाही. आडनावच सापडेना तर बाई कशी सापडणार म्हणा. जपानात लग्नानंतर नवराबायकोचं आडनाव एकच हवं असा कायदाच आहे ना?

गवतीचहा

हो, मुलकी कायद्यातच आहे. कोणाचंही एक चालतं, पण सुमारे ९५ टक्के जोडपी नवऱ्याचं घेतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ ला, दोन्ही वेळा कायदा घटनेला धरून आहे असं म्हटलं. २०२४ साली तोहोकू विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी हिशेब मांडला की हे असंच चाललं तर २५३१ सालापर्यंत सगळा देश सातो होईल. मोहिमेसाठी केलेला हिशेब आहे, शब्दशः घेऊ नका, पण लहान आडनावं मोठ्यांत बुडत चालली आहेत हे खरं.

तिरपागडा

म्हणजे सुझुकीसुद्धा जाणार! आमच्या ८०० चं नाव मारुती सातो.

ते सोडा, त्या ड्रॉइंगचं काय झालं? हिशेबवाल्यांनी साचा बनवला का?

गवतीचहा

सांगायचं राहिलंच. वीस मिनिटांत उत्तर आलं होतं. ते सुझुकी सान म्हणजे बाई निघाल्या. ड्रॉइंग योग्य सुझुकींकडे पाठवलंय, काळजी नसावी, असं लिहिलं होतं. खाली सहीत सुझुकी, आणि कंसात दुसरं एक आडनाव, जे मला वाचताच आलं नाही. दुभाषी असून कोश उघडावा लागला, इतकं दुर्मीळ.

मी माफी मागितली. त्यावर त्यांनी आणखी एक ओळ पाठवली. गेल्या वर्षी लग्न होईपर्यंत त्यांना कधी दुसऱ्याचं पत्र आलं नव्हतं, आता आठवड्याला तीन-चार येतात, त्यामुळे टूलरूममध्ये काय चाललंय ते त्यांना बरंच कळायला लागलंय. लाल शाईतला तिसरा आकडा आठ आहे की तीन, तेवढं साहेबांना विचारून घ्या.

विचारलं. तीन होता.